अर्धा कोयता

रेणुकाला आता कुणी विचारलं, तू काय करतेस, तर ती सांगते, घरीच असते. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. तिच्या शेजारच्या टेबलावर बसून मी पाच वर्षं काढली आहेत. ती काय करायची आणि अजूनही काय करते, हे मला पुरतं ठाऊक आहे; तिच्या नवऱ्यालाही आहे, पण त्याला ते कबूल करवत नाही. म्हणून मीच सांगून टाकते. कुणाला पटो न पटो.

परभणीत वसमत रोडला एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. कंपनी हा शब्द तोंड भरायला चांगला. माणसं जेमतेम दहा-बारा. साखर कारखान्यांसाठी आम्ही एक सॉफ्टवेअर बनवत होतो. कुठल्या ऊसतोड टोळीनं कुठल्या फडात, म्हणजे उसाच्या शेतात, कधी जायचं, गाड्या कुठं लावायच्या, हे त्यातून ठरायचं. काम मूळ पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीचं. त्यांनी ते आमच्याकडून करून घ्यायचं आणि पुढं कारखान्यांना द्यायचं, असा सौदा. माझं काम चुका शोधण्याचं. इतरांनी बनवलेलं चालवून बघायचं आणि कुठं मोडतंय ते सांगायचं. चुका दाखवणारी बाई कुणालाच आवडत नाही. मला त्याची सवय आहे.

मालक बन्सीधर सर, गंगाखेडकडचे. त्यांचे वडील मुकादम होते, म्हणजे ऊसतोड मजुरांची टोळी जमवून कारखान्यावर नेणारे. सर इंजिनिअर झाले, पोलो टी-शर्ट घालायला लागले, पण टोळी काही त्यांच्या डोक्यातून गेली नाही. एकदा पुण्याच्या लोकांनी त्यांना शिबिराला बोलावलं आणि ते ‘ॲजाइल’ शिकून आले. मोठं काम लहान लहान तुकड्यांत करायचं. दर दोन आठवड्यांनी काहीतरी चालतं करून दाखवायचं. रोज सकाळी सगळ्यांनी उभं राहून काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय ते सांगायचं. कामाच्या चिठ्ठ्या भिंतीवर लावायच्या, म्हणजे कुणाकडे काय आहे ते सगळ्यांना दिसतं. पद्धत चांगली आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण सरांनी शिबिरात बसल्या बसल्याच ती आपल्या घरच्या भाषेत फिरवून घेतली होती. दोन आठवड्यांच्या तुकड्याला ते पंधरवडाच म्हणायचे, कारण तोडणीचं बिल पंधरवड्याला निघतं. गैरहजेरी म्हणजे खाडा. आणि एखादं काम केवढं आहे याचा अंदाज काढायला आम्ही बसलो की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, हा फड किती कोयत्यांचा?

आम्हाला हसू यायचं. उन्हाळ्यात कूलर लावला की भिंतीवरच्या चिठ्ठ्या उडून टेबलांखाली जायच्या आणि आपापलं काम शोधत सगळे गुडघ्यांवर रांगायचे. मग सरांनी टाचण्या आणल्या. एकूण बरं चाललं होतं.

आता कोयता म्हणजे काय, ते सांगायला हवं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा ऊस तोडतो. बायको पाचट साळते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. मोजताना दोघांचा मिळून कोयता एक, आणि तो नवऱ्याच्या नावानं. एकटा माणूस असला तर तो अर्धा कोयता. मी नवऱ्याला सोडून माहेरी आलेली बाई, म्हणून सर मला हसत हसत अर्धा कोयता म्हणायचे. मीही हसत हसत त्या दिवशी त्यांच्या कामात दोन चुका जास्त काढायचे.

योगीराज आमच्याकडे आधीपासून होता. पिंगळीचा. आई-वडिलांनी ऊस तोडून त्याला डिप्लोमापर्यंत शिकवलेलं. सकाळच्या पॅसेंजरनं यायचा, मान खाली घालून काम करायचा, कुणाशी वाकडं नाही. त्याचं लग्न मानवतच्या रेणुकाशी झालं. तिनं परभणीत राहून बीसीए केलेलं, वर्गात पहिली-दुसरी यायची. लग्न झाल्यावर महिन्याभरातच ती त्याच्याबरोबर पॅसेंजरनं यायला लागली.

पुण्याच्या शिबिरात सरांना जोडीनं काम करायची पद्धत शिकवली होती. एका कॉम्प्युटरवर दोघांनी बसायचं. एकानं टाइप करायचं, दुसऱ्यानं शेजारी बसून विचार करायचा, चुकत असेल तर तिथल्या तिथं अडवायचं आणि थोड्या थोड्या वेळानं जागा बदलायच्या. दोन डोकी असली की चुका कमी होतात, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते. रेणुका आल्यावर सरांना ही पद्धत आठवली आणि त्यांचे डोळे लकाकले. हा तर कोयताच की, म्हणाले. पुण्याच्या कंपनीकडे जिथं सगळा कोड ठेवला जायचा तिथं शिरायला प्रत्येकाला वेगळं खातं लागायचं, आणि दर खात्यामागं सरांच्या खिशातून पैसे जायचे. मग सरांनी ठरवलं, कोयत्याला एकच खातं. ते योगीराजच्या नावाचं होतंच. पगार थोडा वाढवला आणि तोही त्याच्याच बँकेत. भिंतीवरच्या चिठ्ठीवर ‘योगीराज’. रोजच्या उभ्या बैठकीत दोघं शेजारी उभे राहायचे आणि बोलायचा योगीराज.

गंमत बघा. मी अर्धा कोयता, पण माझं खातं माझ्या नावाचं होतं. मी काढलेली प्रत्येक चूक माझ्या नावावर चढत होती. आणि ही पुऱ्या कोयत्यातली बाई, हिचं नाव कुठंच नाही.

दर पंधरवड्याच्या शेवटी आमची मागे वळून बघायची बैठक व्हायची. काय चांगलं झालं, काय बिघडलं, ते मोकळेपणानं बोलायचं, कुणावर ठपका ठेवायचा नाही, असा नियम. त्या बैठकीत मी म्हटलं, चिठ्ठीवर दोघांची नावं लिहा, आणि रेणुकाला खातं द्या. सरांनी फार समजुतीच्या सुरात उत्तर दिलं.

“मनिषाताई, मोळी कोणी बांधली, हे कारखाना कधी इचारतो का?”

सगळे हसले. रेणुकाही हसली. तेव्हा ती नवी होती, आणि नवऱ्याशेजारी दिवसभर बसायला मिळतंय याचंच तिला अप्रूप होतं. पिंगळीला तिची सासू सुलाबाई हिनंही तिला तेच ऐकवलं होतं. पहिला पगार योगीराजच्या बँकेत गेला तेव्हा रेणुका जरा कुरकुरली, तर सुलाबाई म्हणाली, “कोयता येकच आसतो, बाई. नाव गड्याचंच लागतं. मी काय नाव लावलं का कधी?” ती बिचारी हे अभिमानानं सांगत होती. म्हणून तिच्यावर रागावताही येत नाही.

पहिले काही महिने ती दोघं खरोखर जागा बदलायची. नंतर ते कमी होत गेलं. योगीराजचे हात जलद चालतात, तो टाइप करायला बसला की बसला. रेणुका शेजारी खुर्ची ओढून, हनुवटीखाली हात घेऊन पडद्याकडे बघत सांगायची. हे आधी घ्या, ते तिकडं न्या, ही अट उलटी झालीय. तो लिहायचा. पुण्याच्या लोकांशी व्हिडिओवर बोलताना खुर्ची एकच मावायची म्हणून ती कॅमेऱ्याबाहेर सरकायची. हळूहळू ती तशीच बसायला लागली, कॅमेरा असो वा नसो.

आमच्या सॉफ्टवेअरचं सगळ्यात अवघड काम म्हणजे तोडणीचा क्रम लावणं. लागणीच्या तारखेवरून कोणाचा ऊस आधी तोडायचा हे ठरायचं, पण नुसत्या तारखेवर गेलं की एक टोळी आज एका टोकाला, उद्या तिसऱ्याच गावाला. गाड्या रिकाम्या हिंडायच्या, एकाच फडावर दोन टोळ्या जाऊन भांडायच्या, आणि कारखान्याची माणसं फोनवर आमचा उद्धार करायची. दोन पंधरवडे आम्ही सगळे डोकं खाजवत होतो. एका दुपारी रेणुका डबा खाता खाता म्हणाली, आपण शेतकऱ्यांची यादी लावतोय, रस्त्यांची का लावत नाही? एका शिवरस्त्यावरचे सगळे फड एक गठ्ठा धरायचे, तारीख त्या गठ्ठ्याच्या आत बघायची. डबा तसाच ठेवून दोघं बसली. तिनं सांगितलं, त्यानं लिहिलं. आठवड्यात ते चालायला लागलं. मी दहा बाजूंनी मोडून बघितलं, मोडलं नाही. माझ्यासारख्या बाईला याचा आनंद होतो हे कुणाला खरं वाटणार नाही, पण झाला होता. पुण्याच्या कंपनीत आमचं काम बघणाऱ्या मॅडमनी व्हिडिओवर योगीराजचं कौतुक केलं. त्यानं थँक्यू म्हटलं. रेणुका कॅमेऱ्याबाहेर बसून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, आणि ती खूश होती. मला आठवतं तिचं तोंड.

मग तिला दिवस गेले. बाळंतपणाला ती पिंगळीला घरी थांबली. बन्सीधर सर अगदी हळहळून म्हणाले की अर्ध्या कोयत्याला पुऱ्याचा पगार कसा लावू, माझाही नाइलाज आहे. त्यावर नवरा-बायकोंनी आपसात तोड काढली. सकाळी बैठक संपली की योगीराज कानात इअरफोन घालायचा, आणि पिंगळीहून रेणुका फोनवर सांगायची. पोरगी मांडीवर, फोन कानाला. मी शेजारी बसून ऐकायचे. इअरफोनमधून तिचा बारीक आवाज बाहेर यायचा. मधूनच म्हणायची, “थांबा, तिला घेते,” आणि योगीराजचे हात की-बोर्डवर तसेच थांबायचे. ती परत बोलायला लागली की चालायला लागायचे. खाडा एकही पडला नाही. सरांनी मीटिंगमध्ये सांगितलं, बघा, कोयता असावा तर असा.

हे सगळं तसंच चाललं असतं. पण पुण्याच्या कंपनीनं ते सॉफ्टवेअर स्वतःच सांभाळायचं ठरवलं. आमचा सौदा संपला. सरांचं फार बिघडणार नव्हतं, त्यांचं शेत आहे, गंगाखेडला प्लॉट आहेत. पुण्याच्या लोकांनी कळवलं की तुमच्यातली काही माणसं आम्ही थेट नोकरीवर घेऊ, घरून काम करा, पुण्याला यायची गरज नाही. परभणीच्या माणसाला याहून मोठं दान दुसरं कुठलं? तोडणीचा क्रम लावणारा जो भाग होता त्याच्यासाठी एकच जागा होती.

रेणुकानं अर्ज केला. योगीराजनंही केला. तिनं अनुभवाच्या रकान्यात स्वच्छ लिहिलं की हा भाग मी केलेला आहे. पुण्याहून फोन आला की तुमच्या नावानं आमच्याकडे कोडची एक ओळसुद्धा दिसत नाही, तुमच्या कंपनीकडून अनुभवाचा दाखला पाठवा. ती सरांकडे गेली. मी सोबत गेले, ती एकटी भांडणार नाही हे मला माहीत होतं. सर म्हणाले, दाखला मी योगीराजला दिलाय, कोयत्याला दोन दाखले कसे देऊ? मग ती दारात उभीच राहिली तेव्हा जरा मऊ झाले आणि म्हणाले, मॅडमशी बोलतो, त्या समोरासमोर विचारतील.

मॅडम वाईट नव्हत्या, हे मला आवर्जून सांगायचंय. वाईट असत्या तर सोपं झालं असतं. त्यांनी दोन्ही अर्ज बघितले, आणि त्यांच्या मनात शंका आली. बंद खोलीत एकेकाला विचारण्यापेक्षा सगळ्या टीमसमोर विचारावं, टीमला खरं काय ते ठाऊक असतं, असं त्यांना वाटलं. पुस्तकात तसंच लिहिलेलं असणार.

बैठकीच्या दिवशी रेणुका सकाळी माझ्या टेबलाशी आली. हिरवी साडी नेसली होती, एरवी ती पंजाबी ड्रेसच घालायची. चहा पिता पिता मला हळूच म्हणाली, काल रात्रीच त्यांचं माझं बोलणं झालंय. “म्हणले, इचारलं तर मी खरं सांगतो. तुझं काम हाय, तुझ्या नावानं जाऊ दे. मी दुसरं बघीन.” हे सांगताना तिचा आवाज भरून आला होता. नोकरी मिळणार म्हणून नव्हे. नवरा असं म्हणाला म्हणून. मी योगीराजकडे बघितलं. तो भिंतीवरच्या टाचण्या काढून डबीत भरत होता.

मॅडम टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर आल्या. इथं कुणावर ठपका नाही, मोकळेपणानं बोला, असं आधी म्हणाल्या. मग रेणुकाला प्रश्न विचारायला लागल्या. रस्त्यावरून गठ्ठे का केले? रस्ता पावसानं बंद झाला तर क्रम कसा बदलतो? तिनं एकेकाचं उत्तर दिलं, न अडखळता, नेहमीच्या बारीक आवाजात. मॅडमनी मान डोलावली. मग त्या म्हणाल्या, तुम्हाला याची चांगली माहिती आहे, पण शेजारी बसणाऱ्याला माहिती असणारच. खातं योगीराजचं आहे, म्हणून मी त्यांना विचारते. आणि योगीराजला विचारलं, हे डोकं कुणाचं?

योगीराज टेबलाकडे बघत म्हणाला, “आम्ही दोघं मिळून करायचो, मॅडम.”

मॅडम म्हणाल्या, मिळून म्हणजे कसं? निर्णय कुणाचा असायचा?

तो टाचण्यांची डबी उघडून मिटत राहिला. त्याच्या मनात तेव्हा काय चाललं असेल याचा मी नंतर पुष्कळ विचार केलाय. बायको लॅपटॉपवर बसलीय आणि आपण पिंगळीच्या पारावर बसलोय, येणारा-जाणारा विचारतोय की काय रं, सध्या काय चालू हाय. आई-बापानं ज्याच्यासाठी ऊस तोडला तो आपण. मला हे सगळं समजतं. समजतं म्हणून माफ करता येतं असं नाही.

“निर्णय माझा,” तो म्हणाला. “ती मदत करायची.”

मदत. पाच वर्षं तिच्या तोंडातून निघालेलं ह्याच्या बोटांतून उतरत होतं, आणि ती म्हणे मदत करायची.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, मॅडम, हे खोटं आहे. हा विचार रेणुकाचा आहे, मी शेजारी बसून रोज ऐकलंय. मॅडमनी शांतपणे मला विचारलं, तुम्ही तिला कोड लिहिताना पाहिलंय का? मी खरं बोलायला उभी राहिले होते, खोटं कसं बोलणार? म्हटलं, ती सांगायची, तो टाइप करायचा. “म्हणजे लिहायचा योगीराजच,” मॅडम म्हणाल्या. माझ्याच तोंडून माझंच उत्तर माझ्या गळ्यात पडलं. मग त्यांनी बन्सीधर सरांना विचारलं. सर हात जोडून म्हणाले, आमच्याकडे कोयता एकच होता मॅडम, दोघांना वेगळं आम्ही कधी मोजलंच नाही. आणि या एवढ्या बैठकीत सरांचं तेवढं एकच वाक्य शंभर टक्के खरं होतं.

शेवटी मॅडम म्हणाल्या, रेणुका, तुम्हाला काही सांगायचं आहे का?

मी तिच्याकडे बघत होते. मला वाटलं आता बोलेल. एक वाक्य पुरेसं होतं. तिनं योगीराजकडे बघितलं, त्यानं मान वर केली नाही. मग ती पडद्याकडे वळून म्हणाली, “ते म्हणतात तसंच हाय, मॅडम. मी मदत करायचे.”

जिन्यात मी तिला गाठलं आणि जे तोंडाला येईल ते बोलले. तू गाय आहेस म्हटलं. तुझ्यासाठी मी वाईटपणा घेतला आणि तू सगळ्यांसमोर मला खोटं पाडलंस म्हटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. खाली कापड दुकानात कुणीतरी थान उलगडत होतं, त्याचा फटफट आवाज वर येत होता.

“ताई, मी त्यान्ला खोटं पाडलं आसतं तर मॅडमनी त्यान्लाबी काढलं आसतं,” ती म्हणाली. “मला घेतलंच आसतं, ह्याचा काय भरवसा होता? दोघंबी घरी बसलो आसतो. पोरीचं काय?”

तिचा हिशोब बरोबर होता, म्हणूनच चीड जास्त येते. त्या एका मिनिटात तिनं सगळा विचार केला होता. नवऱ्याचा, पोरीचा, सासूचा. त्याच मिनिटात नवऱ्यानं फक्त स्वतःचा केला होता. वरून योगीराज आला. चल, गाडीची वेळ झाली, असं खालच्या आवाजात म्हणाला, आणि ती त्याच्या मागोमाग उतरली. हिरव्या साडीचा काठ जिन्यात लोळत होता, तिनं उचलला नाही.

नोकरी योगीराजला लागली. मला घेतलं नाही, मी अपेक्षाही केली नव्हती. मी आता मानवतला एका जिनिंगमध्ये कॉम्प्युटरवर बसते, एसटीनं जाते-येते. कापसाच्या गाड्यांच्या नोंदी करायच्या, डोकं लावायचं काम नाही. रेणुकाचे मधूनमधून फोन यायचे. पोरगी बोलायला लागली, सासूचे गुडघे दुखतात, असलं काहीबाही. कामाचं ती बोलायची नाही आणि मी विचारायचे नाही.

गेल्या महिन्यात जिनिंग दोन दिवस बंद होतं. म्हटलं, बघून येऊ. सकाळच्या पॅसेंजरनं पिंगळीला उतरले. सुलाबाई अंगणात नातीला वरण-भात भरवत होती. रेणुका कुठाय, विचारलं, तर म्हणाली, “आत हाय. पोराचं काम चालू हाय ना, तिथंच बसून ऱ्हाती दिसभर.” मी आत गेले.

खोलीत खिडकीला पडदा लावलेला, टेबलावर लॅपटॉप, समोर इस्त्रीचा शर्ट घालून योगीराज. रोजची सकाळची बैठक चालू होती. पडद्यावर चौकोनाचौकोनांत पुण्याची तोंडं दिसत होती. टेबलाच्या बाजूला, कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेतानं, भिंतीला टेकून पाटावर रेणुका बसली होती. मांडीत गवारीच्या शेंगा. मला बघून तिनं ओठावर बोट ठेवलं आणि पाट माझ्याकडे सरकवून स्वतः फरशीवर बसली.

मी तिच्या कानाशी लागून विचारलं, अजून तूच सांगतेस? तिनं मान हलवली. का सांगतेस? ती शेंगा मोडत राहिली. मग माझ्याकडे न बघता अगदी हळू म्हणाली, “न्हाई सांगितलं तर त्यांची नोकरी जाती. सांगितलं तर माझी गेलीच ऱ्हाती. काय करू, सांगा तुमी.”

तेवढ्यात पडद्यावरून मॅडमचा आवाज आला. एका नव्या कारखान्याचे फड दोन नद्यांच्या मधे आहेत, पूल एकच, सगळ्या गाड्या तिथं अडकतायत. क्रम कसा लावायचा, योगीराज, तुम्हाला काय वाटतं? योगीराजनं समोरच बघत घसा खाकरला. एक सेकंद म्हणाला. त्याचा डावा हात टेबलाखाली आला आणि रेणुकाच्या दिशेनं जरासा हलला.

रेणुकानं शेंगा खाली ठेवल्या. गुडघ्यांवर पुढं सरकली आणि टेबलाच्या पायाशी तोंड नेऊन सांगायला लागली. पुलाला एक फड समजा, त्याचीसुद्धा पाळी लावा, अलीकडचे आणि पलीकडचे गठ्ठे आळीपाळीनं सोडा. तिचे डोळे तेच होते, डबा अर्धा टाकून उठली होती त्या दुपारचे. बोलता बोलता तिचा आवाज थोडा चढला, हाताची बोटं फरशीवर पूल काढायला लागली. योगीराज तिचं वाक्य संपायच्या आत ते मराठीतून अर्धवट इंग्रजीत करून पुढं सांगत होता. मॅडम म्हणाल्या, वा, योगीराज, हे कुणाला सुचलं नव्हतं.

त्यानं थँक्यू म्हटलं. मग त्यानं माइक बंद केला, टेबलाखाली वाकून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, “जरा हळू बोलत जा. तुझा आवाज तिकडं जायलाय.”